मोटारसायकल रडारला दिसते का?

मेढ्याहून केळघर घाटाकडे जाताना मोटारसायकली, तीनचाकी रिक्षा आणि मालट्रक एकाच रस्त्यावर भेटतात. यांतले लहान वाहन पोलिसांच्या रडारला सापडत नाही, असे अनेकांना वाटते. खरे काय ते पाहू या.

रडार रेडिओलहरी सोडते. समोरून येणाऱ्या वाहनावर आपटून परतलेल्या लहरींची वारंवारता किंचित वाढलेली असते. हाच डॉप्लर परिणाम. २४.१५ गिगाहर्ट्झच्या रडारवर ताशी ६० किलोमीटर वेगाला ही वाढ सुमारे २,७०० हर्ट्झ येते. ट्रक असो वा मोटारसायकल, वेग तोच तर वाढही तीच!

मग आकाराने काय बदलते? परतणाऱ्या लहरींचा जोर. तो अंतराच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे मोटारसायकलीचे परावर्तन ट्रकच्या सोळाव्या हिश्श्याइतके धरले, तर ती ट्रकच्या निम्म्या अंतरावर सापडेल. उशिरा, पण सापडेल.

खरी अडचण वेगळीच आहे. रडारचा झोत पसरट असतो. मोटारसायकलीमागून ट्रक येत असेल, तर त्याच्या जोरदार लहरींत तिच्या लहरी झाकल्या जातात. आकडा कोणाचा, हे पोलिसाला डोळ्यांनीच ठरवावे लागते. चुकले तर दंड भलत्यालाच! लेसर यंत्राचा झोत अरुंद असल्याने त्याने एकच वाहन टिपता येते.

वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे: वेगाची दुप्पट भागिले तरंगलांबी (१.२४ सेंटिमीटर). वेग मीटर प्रतिसेकंदात आणि तरंगलांबी मीटरमध्ये घ्यायला मात्र विसरू नये.