प्रवासातला शेजारी

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, यात व्याख्यान देण्यासारखं काय आहे? प्रवासात अनोळखी माणसाशी चांगलं वागावं, हे तर कुणीही सांगेल. खरं आहे. पण विरार लोकलमध्ये तीन जणांच्या बाकावर आपण बसलोय, चौथा माणूस येऊन नुसतं हाताने खुणावतो, 'जरा सरका', तेव्हा आपल्या कपाळावर जी आठी पडते, तिच्याबद्दल मला आज बोलायचंय. रविवारी चर्चमध्ये आपण शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दल ऐकतो. सोमवारी सकाळी तो शेजारी चौथ्या सीटवर येऊन बसतो. इथे सगळे श्रोते ख्रिस्ती नाहीत, याची मला कल्पना आहे. मी माझ्या श्रद्धेच्या बाजूने बोलणार, तुम्ही तुमच्या बाजूने ऐका.

सुरुवात रेल्वेच्या डब्यातूनच करू या. साल १८९३. नारायण वामन टिळक, म्हणजे पुढे ज्यांना आपण रेव्हरंड टिळक म्हणून ओळखतो ते, नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. तेव्हा ते ख्रिस्ती नव्हते. कोकणातल्या ब्राह्मण घरातले, संस्कृत जाणणारे, कवी. डब्यात एक युरोपियन गृहस्थ बसलेला होता. आता तो काळ डोळ्यांसमोर आणा. गोऱ्या माणसाच्या डब्यात हिंदी माणूस शिरला की काय व्हायचं, याच्या कितीतरी कडवट हकिकती त्या काळात सापडतात. या गृहस्थाने मात्र टिळकांना सौजन्याने जागा करून दिली. मग गप्पा निघाल्या, त्या संस्कृत काव्यावरून, म्हणजे टिळकांच्या आवडीच्या विषयावरून. पुढे बोलणं धर्माकडे वळलं. निरोप घेताना त्याने टिळकांना नवा करार दिला, तो वाचा म्हणाला, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असंही सांगून टाकलं.

टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं ते दिलेल्या शब्दाखातर. पण डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि त्यांना ते खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. या निर्णयाची किंमत घरातल्या माणसांनीही मोजली. लक्ष्मीबाईंची आणि त्यांची काही वर्षं ताटातूट झाली. ते दुःख 'स्मृतिचित्रे'मध्ये लक्ष्मीबाईंनी इतक्या मोकळेपणाने लिहिलंय की त्याकडे डोळेझाक करून ही गोष्ट सांगणं अप्रामाणिकपणाचं होईल. १९००मध्ये लक्ष्मीबाईंनी स्वतःही बाप्तिस्मा घेतला. मराठीला टिळकांची अभंगवाणी मिळाली, 'स्मृतिचित्रे' मिळालं. या सगळ्याच्या मागे गाडीतली ती एक भेट आहे.

आता ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळदा एकाच अंगाने सांगितली जाते. बघा, एक पुस्तक दिलं आणि केवढा मोठा माणूस मिळाला! मला यात एक धोका दिसतो. आपण क्रम विसरतो. त्या गृहस्थाने आधी जागा दिली. जागा देताना समोरचा माणूस कवी आहे की कारकून, पुढे काय होणार आहे, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. मग त्याने टिळकांच्या विषयावर बोलणं केलं, म्हणजे ऐकूनही घेतलं. पुस्तक शेवटी आलं, आणि तेही उघडपणे, हेतू न लपवता. टिळकांनी पुस्तक नाकारलं असतं तर काय झालं असतं? दिलेली जागा त्याने परत घेतली नसती!

माझं आजचं म्हणणं याच्यातच आहे. प्रवासातल्या माणसाला केलेली मदत ही गळाला लावलेलं आमिष होता कामा नये. मी पाण्याची बाटली पुढे केली म्हणून तुम्ही माझं पत्रकही घेतलंच पाहिजे, असा हिशेब सुरू झाला की ती मदत राहत नाही, तो व्यवहार होतो. आणि आपल्या देशात ख्रिस्ती माणसाच्या सेवेकडे या एका कारणासाठी संशयाने पाहिलं जातं. त्याला उत्तर भाषणाने देता येत नाही. मदत करून, काहीही न मागता, आपल्या स्टेशनवर उतरून जाणं हे त्याचं उत्तर आहे.

मूळ आधार बघू. लूकच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय, चांगल्या शोमरोनीची गोष्ट. आपल्याला ती इतकी पाठ आहे की ती प्रवासाची गोष्ट आहे हेच आपण विसरतो. यरुशलेम ते यरीहो हा रस्ता सुमारे २५ किलोमीटरचा, आणि तेवढ्यात जवळजवळ हजार मीटर खाली उतरणारा. ओसाड डोंगर, वळणं, लुटारूंना लपायला जागाच जागा. रस्त्यात एक जण लुटलेला, अर्धमेला पडलाय. याजक बाजूने निघून गेला, लेवी निघून गेला. शोमरोनी थांबला, आणि यहुदी लोक शोमरोन्यांना आपलं मानत नव्हते.

त्याने काय काय केलं ते नीट पाहा. जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, म्हणजे प्रवासासाठी बरोबर घेतलेलं सामान काढलं. जखमीला स्वतःच्या जनावरावर बसवलं, म्हणजे स्वतः पायी चालला. उताराशाळेत नेऊन रात्रभर त्याची काळजी घेतली. दुसऱ्या दिवशी उताराशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले. एक दिनार म्हणजे तेव्हा मजुराची एका दिवसाची मजुरी. जास्त खर्च झाला तर परत येताना देतो म्हणाला. आणि मग? मग तो आपल्या वाटेने गेला. आपलं काम त्याने सोडून दिलं नाही, त्या जखमीला जन्मभरासाठी दत्तक घेतलं नाही. होतं त्यातलं दिलं, दोन दिवसांची मजुरी खर्च केली, पुढची व्यवस्था लावली आणि निघाला. त्याला नाव कुणी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. म्हणजे ही संताची गोष्ट आहे असं समजून आपण सुटू शकत नाही. एवढं कुणालाही जमण्यासारखं आहे.

मग जमत का नाही? याचं एक उत्तर मला फार अस्वस्थ करतं. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, तो १९७३मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मशिक्षण घेणारे ४० विद्यार्थी घेतले, उद्याचे पाळक म्हणा ना. त्यांना सांगितलं, शेजारच्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण द्या. काहींना विषय दिला चांगल्या शोमरोनीचा, काहींना दुसराच. वाटेत गल्लीत एक माणूस मुद्दाम बसवलेला, खोकत, कण्हत. काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की तुम्हाला उशीर झालाय, पळा. काहींना, अजून वेळ आहे.

ज्यांच्याकडे वेळ होता त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला थांबले. ज्यांना घाई होती त्यांच्यातले फक्त १० टक्के. आणि भाषणाच्या विषयाने म्हणावा असा फरक पडला नाही. शोमरोनीवर बोलायला निघालेला विद्यार्थी कण्हणाऱ्या माणसाच्या शेजारून निघून गेला, कारण त्याला शोमरोनीवर बोलायला उशीर होत होता!

तुम्ही हसताय. मीही पहिल्यांदा हसलो होतो. मग मला दौंड आठवलं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दौंड जंक्शनला मी गाडी बदलत होतो. एका मेळाव्यात बोलायला चाललो होतो, पिशवीत टिपणं होती. हातात चहा. एक म्हातारी गाठोडं घेऊन आली. "दादा, नगरची गाडी कुठं लागती?" मला नक्की माहीत नव्हतं. गाडीला दहा-बारा मिनिटं होती. मी म्हटलं, "आजी, चौकशीच्या खिडकीवर विचारा." खिडकी होती पूल ओलांडून पलीकडे. तिने एकदा पुलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. शेजारी एक हमाल गाडीची वाट बघत बसला होता. गाडी यायच्या वेळेला हमालाने फलाट सोडणं म्हणजे हातचं गिऱ्हाईक सोडणं. तो उठला, "चला मावशी" म्हणाला, गाठोडं उचललं आणि तिच्या पावलाने पूल चढायला लागला. मी चहा पीत राहिलो. माझी गाडी त्या दिवशी वीस मिनिटं उशिरा आली. त्या मेळाव्यात मी काय बोललो ते मला आज आठवत नाही. ती पुलाकडे पाहणारी म्हातारी आठवते.

मी वाईट माणूस होतो म्हणून हे झालं असं नाही. मी स्वतःकडे वेळच ठेवला नव्हता, आणि होता तेवढा माझाच आहे असं धरून चाललो होतो. म्हणून मला वाटतं, प्रवासातल्या श्रद्धेची तयारी घरून निघतानाच करावी लागते. पंधरा मिनिटं आधी निघायचं. एक पाण्याची बाटली जादा घ्यायची. थोडे सुटे पैसे ठेवायचे. ही आपली तेल आणि द्राक्षारसाची शिदोरी.

आता थोडं व्यवहाराचं. चांगुलपणाला शहाणपणाची जोड हवी. अनोळखी माणसाकडून खाण्याचे पदार्थ घेऊ नका, अशी सूचना रेल्वे करते, आणि त्यामागे गुंगीचं औषध देऊन लुटल्याचे प्रकार आहेत. तेव्हा कुणी आपला डबा नाकारला तर रागावू नका. सीलबंद बाटली द्या, किंवा नुसती जागा द्या. एकटी प्रवास करणारी बाई असेल तर तिला एकटं राहू देणं हीसुद्धा मदत असते. आधी विचारा, मग हात पुढे करा. स्टेशनवर एकटं भेदरलेलं मूल दिसलं तर त्याला स्वतःबरोबर नेऊ नका. १०९८ वर फोन करा किंवा रेल्वे पोलिसांना बोलवा, आणि ते येईपर्यंत तिथेच थांबा. ते थांबणं फार महत्त्वाचं. गाडीत काही अडचण आली तर १३९ क्रमांक आहे.

रस्त्यावर अपघात दिसला की आपल्याला पोलीस चौकशीची भीती वाटते. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं. मग २०१९च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्याबद्दल खटला भरता येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही. कायद्याने या माणसाला इंग्रजीत नाव काय दिलंय माहीत आहे? 'गुड समॅरिटन'. गोष्टीतला तो बिननावाचा प्रवासी भारताच्या कायद्यात येऊन बसलाय, आणि तिथेही त्याला नाव न सांगण्याची मुभा आहे.

शेवटचा एक मुद्दा. आपण नेहमी स्वतःला देणाऱ्याच्या जागी बसवतो. योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू प्रवासाने थकून विहिरीपाशी बसलाय आणि एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतोय. जिच्या भांड्याला यहुदी शिवत नाहीत, तिच्याकडे. आपल्याकडेही इंग्रजी अमदानीत रेल्वे स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळं ठेवलेलं असायचं. मागणारा माणूस स्वतःला कमी करून घेतो, आणि देणाऱ्याला मोठं करतो. तेव्हा शेजारच्या बाकावरची आजी चकली पुढे करत म्हणाली, "घे रे बाळा", तर आपली खबरदारी घ्या, पण तिच्याशी चार शब्द बोला. तिच्या हातातलं घेता आलं नाही तरी तिची माया घेता येते.

टिळकांना जागा देणारा तो माणूस आपल्या स्टेशनवर उतरून गेला. पुढे काय झालं ते पाहायला तो टिळकांच्या मागे मागे गेला नाही. आपणही उद्या गाडीत बसणारच आहोत. कुणी 'जरा सरका' म्हणालं तर सरकू या. त्याचं पुढे काय होईल, ते आपल्याकडे नाही.