अर्ध्या आकाराचे पत्र आणि पुऱ्या जोखमीचा पेशा

वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यालगत वटार हे गाव आहे. या बागायती पट्ट्यातील फुले व भाजीपाला जसा मुंबईच्या बाजारास जातो, तसे गावचे चाकरमानीही नालासोपारा अथवा विरार स्थानक गाठून रोज मुंबईची वाट धरतात. त्या गाडीत दोन पाय टेकण्यापुरती जागा मिळाली तरी प्रवासी धन्यता मानतो. तेथे मोठ्या आकाराचे वर्तमानपत्र दोन्ही हात पसरून उघडणे म्हणजे शेजाऱ्याशी कलह ओढवून घेणेच होय. त्याच्या निम्म्या आकाराचे पत्र मात्र एका हातात धरता येते, आणि दुसरा हात कडीस मोकळा राहतो. या आटोपशीर पत्रास टॅब्लॉइड असे नाव आहे.

हा शब्द मूळचा वृत्तपत्रसृष्टीतील नाही, औषधांच्या दुकानातील आहे. बरोज वेलकम या लंडनच्या औषधे बनविणाऱ्या कंपनीने १८८४ साली आपल्या दाबून घट्ट केलेल्या गोळ्यांसाठी हे नाव नोंदविले. पुढे जे जे म्हणून थोडक्यात आणि दाबून बसविलेले, त्यास लोक हाच शब्द लावू लागले. १९०१ च्या १ जानेवारीस इंग्लंडातील पत्रस्वामी हार्म्सवर्थ यांनी न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्राचा एक दिवसाचा अंक अशा लहान आकारात काढून दाखविला, आणि गोळीचे नाव वर्तमानपत्रास कायमचे चिकटले. गोळीत औषधाचा अर्क उतरतो, तसे विषही उतरू शकते. या पत्रांत काम करणाऱ्या बातमीदाराचा सारा जन्म या दोन शक्यतांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेवर जातो. मुंबईत ही वाट पुरी चालून गेलेला पुरुष म्हणजे 'ब्लिट्झ'चे संपादक रुसी करंजिया.

करंजिया यांचा जन्म १९१२ साली क्वेट्टा येथे झाला. मुंबईस शिक्षण झाल्यावर ते प्रथम 'टाइम्स ऑफ इंडिया'त लागले. गोऱ्या मालकीच्या त्या प्रतिष्ठित पत्रात राहून त्यांना आयुष्य सुखाने काढता आले असते. परंतु १९४१ च्या १ फेब्रुवारीस त्यांनी 'ब्लिट्झ' हे साप्ताहिक सुरू केले. या उद्योगात त्यांना दोन जाणत्यांचे साह्य होते. एक बेंजामिन हॉर्निमन. 'बॉम्बे क्रॉनिकल'च्या या इंग्रज संपादकास हिंदी लोकांची बाजू घेतल्याबद्दल सरकारने १९१९ साली हद्दपार केले होते. दुसरे दिनकर नाडकर्णी, गुन्ह्यांच्या बातम्यांत मुरलेले बातमीदार. महायुद्ध चालू होते. ब्लिट्झ या जर्मन शब्दाचा अर्थ वीज असा असून, त्या काळी तो विजेच्या वेगाने केलेल्या हल्ल्याचा वाचक झाला होता. पत्राने नावातच आपला स्वभाव सांगून टाकला.

अशा पत्रातील बातमीदाराची कार्यपद्धती समजून घेण्याजोगी आहे. मोठ्या पत्राचा प्रतिनिधी सभा, भाषणे व सरकारी पत्रके यांच्या मागे असतो. टॅब्लॉइडच्या बातमीदाराची पायपीट पोलीस चौकी, इस्पितळ, न्यायालयाचा व्हरांडा आणि कचेरीतील असंतुष्ट कारकून यांच्या भोवती चालते. त्याचे भांडवल म्हणजे ओळखी. ती ओळख जोडण्यास वर्षे लागतात, आणि बातमी देणाऱ्याचे नाव एकदा जरी फुटले तरी ती क्षणात बुडते. मिळालेली माहिती त्यास थोडक्या शब्दांत, ठसठशीत मथळ्याखाली, साध्या वाचकास कळेल अशी मांडावी लागते. अर्थात् मथळा जितका ठसठशीत, तितकी 'बहुधा', 'म्हणे', 'आरोप आहे' या सावध शब्दांची गळचेपी अधिक. या पेशाचे बळ आणि या पेशाचे पाप एकाच ठिकाणी जन्मास येते, ते येथे.

याचा दाखला 'ब्लिट्झ'नेच दिला. १९५९ च्या २७ एप्रिल रोजी नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांनी आपल्या पत्नीशी संबंध ठेवणाऱ्या प्रेम आहुजा या व्यापाऱ्यास गोळ्या घातल्या. 'ब्लिट्झ'ने नानावटींचा पक्ष उघडपणे उचलला. देशाची सेवा करणारा सज्जन अधिकारी एका बाजूस आणि विलासी धनिक दुसऱ्या बाजूस, असे चित्र आठवड्यामागून आठवडे रंगविले गेले. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांस विकला गेल्याचे सांगतात. ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी आरोपीस निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांस तो निर्णय मान्य झाला नाही व त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे १९६० साली जन्मठेप झाली, आणि १९६१ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तथापि १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटींस माफी दिली. ज्यूरीच्या मनावर पत्राचा ठसा किती उमटला हे मोजण्याचे माप नाही. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. जो मेला होता, त्यास आपली बाजू मांडण्यासाठी कोणत्याही अंकात जागा मागता येत नव्हती.

याच पत्राची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. ख्वाजा अहमद अब्बास यांचे 'लास्ट पेज' हे सदर 'बॉम्बे क्रॉनिकल'मधून १९४७ साली 'ब्लिट्झ'मध्ये आले आणि १९८७ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालले. साठेबाज, काळाबाजारवाले व लाचखोर अधिकारी यांच्यावर या पत्राने आसूड ओढले. ज्या कारकुनाचे गाऱ्हाणे साहेबाच्या टेबलापर्यंत पोहोचत नसे, त्यास हे पत्र आपले वाटे. हिंदी व उर्दू आवृत्त्यांनी ते इंग्रजी न जाणणाऱ्यांपर्यंतही नेले.

निर्भीडपणाची किंमत करंजियांना वेळोवेळी चुकवावी लागली. १९६१ च्या एप्रिलात आचार्य कृपलानी यांनी लोकसभेत केलेल्या भाषणावर 'ब्लिट्झ'ने त्यांच्या नावाची विटंबना करणारा मजकूर छापला. त्यावरून हक्कभंगाचा ठराव होऊन २९ ऑगस्ट रोजी संपादकास लोकसभेसमोर उभे करून ताकीद देण्यात आली. त्याच सुमारास, १९६० साली, ठाकरसी या उद्योगपती घराण्याविषयी प्रसिद्ध झालेल्या लेखावरून अब्रुनुकसानीचा दावा चालला, आणि भरपाईचा आकडा लाखांत गेला. वृत्तपत्रकारास सामान्य नागरिकाहून अधिक असा कोणताही खास हक्क नाही, हे तत्त्व अपिलात उच्च न्यायालयाने स्पष्ट केले. सार्वजनिक हिताच्या नावाखाली पुराव्यावाचून कोणाची अब्रू घेता येत नाही, असा त्याचा इत्यर्थ होय.

'ब्लिट्झ' गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद पडले. करंजिया २००८ साली निवर्तले. तो दिवस १ फेब्रुवारी, म्हणजे पत्राचा वर्धापनदिनच होता. टॅब्लॉइडचा धंदा मात्र थांबला नाही, आणि त्यातील जोखीमही सरली नाही. 'मिड-डे' या मुंबईच्या अशाच पत्रातील गुन्हेवार्ताहर ज्योतिर्मय डे यांस १९११ नव्हे, आपल्याच शतकात, २०११ च्या ११ जून रोजी पवईत भर दिवसा गोळ्या घालून ठार करण्यात आले. गुन्हेगारी टोळ्यांचा व्यवहार जाणणारा हा मनुष्य त्या विषयावर पुस्तकेही लिहून गेला. २०१८ च्या मे महिन्यात विशेष न्यायालयाने छोटा राजन व इतरांस या खुनाबद्दल जन्मठेप दिली. त्याच खटल्यात आरोपी करण्यात आलेल्या एका महिला पत्रकाराची निर्दोष मुक्तता झाली. पण निकाल लागण्यापूर्वी कित्येक मथळ्यांनी तिला केव्हाच दोषी ठरविले होते. बातमीदाराच्या खुनाच्या बातमीतही बातमीदारांनी तीच जुनी चूक केली.

करंजियांना लोकसभेने ताकीद दिली, न्यायालयाने दंडविले. परंतु तेथे निदान उत्तर देण्यास जागा होती. बंदुकीपुढे ती नसते. म्हणून ज्या समाजास असे बातमीदार हवे असतील, त्याने त्यांच्या जीविताची हमी घेतली पाहिजे. त्याबरोबरच बातमीदारानेही हे ओळखले पाहिजे की, त्याच्या लेखणीपुढे उभा असलेला मनुष्यही पुष्कळदा असाच निरुत्तर असतो.

वाचकाचे कर्तव्य याहून सोपे आहे. असे पत्र हाती आले की तीन गोष्टी पाहाव्या. आरोप कोणत्या कागदाच्या वा साक्षीच्या आधारे केला आहे? ज्याच्यावर केला, त्याचे म्हणणे छापले आहे काय? आणि चूक उघडकीस आल्यावर पत्राने ती मथळ्याइतक्याच मोठ्या अक्षरांत कबूल केली काय? जे पत्र या तिन्ही कसोट्यांस उतरते, ते आकाराने अर्धे असले तरी वर्तमानपत्र म्हणून पुरे आहे.