अफूवर्गीय व्यसन आणि औषधोपचार

गतवर्षीच्या सभेनंतर एका ज्येष्ठ देणगीदारांनी विचारले, "ब्राउन शुगर सोडविण्यासाठी पुन्हा अफूच्याच कुळातील गोळी द्यायची, तर व्यसन सुटले कोठे?" प्रश्न रास्त आहे. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्रात त्यास अधिकार नाही. तथापि डॉक्टरांकडून जे समजून घेतले, ते येथे मांडीत आहे.

डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात १९८६ साली 'मुक्तांगण' सुरू केले. व्यसन हा आजार आहे, हा विचार तेव्हापासून मराठी घरांत हळूहळू पोहोचला. आजार म्हटला की औषध आलेच, हे मात्र अद्याप पचनी पडत नाही.

ब्युप्रेनॉर्फिन नावाची ही गोळी जिभेखाली विरघळवितात. गिळली तर फारसा उपयोग होत नाही. मेंदूतील ज्या जागी ब्राउन शुगर चिकटते, तीच जागा ही गोळी घट्ट धरते, परंतु परिणाम अर्धवटच करते. अंगदुखी, जुलाब, तळमळ थांबते. योग्य मात्रेत नशा चढत नाही. रोह्यानजीकच्या धाटाव वसाहतीत पाळीवर जाणारा किंवा पेणच्या गणपती कारखान्यात राबणारा मनुष्य ती घेऊन कामावर उभा राहू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली या औषधास अत्यावश्यक औषधांच्या यादीत स्थान दिले.

नातेवाईक महिन्याभरातच विचारतात, "आता बरा झाला, गोळी बंद करू या का?" खरा धोका येथेच आहे. काही आठवडे नशा न केलेल्या शरीराची सहनशक्ती घटलेली असते. गोळी अवेळी सुटली, ओढ परतली आणि रुग्णाने पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर श्वास थांबून मृत्यू ओढवतो. मधुमेही व्यक्तीस आपण इन्सुलिन कधी सोडणार, असे दरमहा विचारीत नाही. येथेही उपचार कित्येक महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालतो, आणि मात्रा कमी करावयाची ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. सोबत मद्य वा झोपेच्या गोळ्या घेणे जिवावर बेतू शकते. गोळी मुलांच्या हाती लागू देऊ नये.

व्यसनावरील ही गोळी सामान्य औषधविक्रेत्याकडे मिळत नाही. मान्यताप्राप्त केंद्रातच जावे लागते. रोजंदारीवरील माणसाला प्रत्येक खेपेस मजुरीचा खाडा आणि एस.टी.चे भाडे, असा दुहेरी भुर्दंड पडतो. हे भाडे गरीब रुग्ण साहाय्य निधीतून देण्यास विश्वस्त मंडळाने अनुमती द्यावी, ही नम्र विनंती.