दर्शनपरीक्षा

रोगी दाराशी येतो, चार पावले चालून बाकावर बसतो आणि आपली तक्रार सांगण्यास प्रारंभ करतो, तोवर जाणत्या वैद्याची नजर त्याच्या चालीवरून, बांध्यावरून आणि कांतीवरून फिरून आलेली असते. वाग्भटाने रोगीपरीक्षेची दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न अशी जी त्रयी सांगितली तीत दर्शनाला अग्रस्थान आहे. आजच्या वैद्यकीय महाविद्यालयातही स्टेथोस्कोप छातीला लावण्यापूर्वी ती छाती नीट न्याहाळावी, अशीच विद्यार्थ्यास ताकीद असते. यंत्रांची सुबत्ता वाढली म्हणून हे न्याहाळणे मागे पडावे, हे मला रोग्याच्या दृष्टीने मोठे नुकसान वाटते.

चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृती, सार, संहनन आणि प्रमाण यांची परीक्षा स्वतंत्रपणे सांगितली आहे. प्रमाण मोजावयाचे ते ज्याच्या त्याच्या अंगुळांनी, आणि सम शरीराची उंची व पसरलेल्या बाहूंचा विस्तार ही दोन्ही ८४ अंगुळे भरावीत, असा तेथील दंडक आहे. आंत्वान मार्फान या फ्रेंच वैद्याने १८९६ साली लांबसडक बोटांच्या एका मुलीचे वर्णन केले; त्याच्या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या विकारात बाहूंचा विस्तार उंचीहून अधिक भरतो आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीची भित्तिका दुर्बळ असू शकते, म्हणून ही दोन मापे आजही एकमेकांशी ताडून पाहतात.

तथापि बांधा पाहून फैसला देणे धोक्याचे असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच उदाहरण मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात मधुमेहाला अनुकूल भूमी असू शकते, ही गोष्ट त्यातून सामान्य वाचकासही उमगावी. अशा वेळी मानेच्या मागच्या बाजूस आलेला मखमलीसारखा जाड काळेपणा पुष्कळदा मळ समजून घासला जातो. वस्तुतः इन्सुलिनचे कार्य मंदावल्याची ती खूण असू शकते.

त्वचेच्या परीक्षेस उजेड हवा, आणि तोही दिवसाचा, कारण पिवळ्या दिव्याखाली प्रारंभीची कावीळ सहज लपते. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत पांडुता गालांवर शोधून भागत नाही. खालची पापणी ओढून, जीभ व तळहात पाहून ती निश्चित करावी लागते, आणि कावीळ डोळ्याच्या पांढऱ्या भागात पाहावी लागते. गोऱ्या त्वचेवर लाल दिसणारा दाह सावळ्या त्वचेवर तपकिरी वा जांभळट दिसतो. परंतु पाठ्यपुस्तकांतील चित्रे बहुतांशी गोऱ्या अंगाची. ही उणीव भरण्यासाठी लंडनमधील मलोन मुकवेंडे या वैद्यक विद्यार्थ्याने २०२० साली सहकाऱ्यांसह एक पुस्तिका सिद्ध केली. कुष्ठाचा फिकट चट्टा मात्र नुसत्या डोळ्यांनी निश्चित होत नाही. तेथील संवेदना हरपली आहे काय, हे स्पर्शानेच ठरते. आणि चट्टा दुखत नाही या एकाच सबबीवर कित्येक माणसे वैद्याकडे येण्यास विलंब लावतात, याचे दुःख वाटते.

देहाची ठेवणही बोलकी असते. मूत्रखड्याच्या वेदनेने रोगी तळमळत कूस पालटीत राहतो, तर उदरावरणास सूज आलेला रोगी गुडघे जवळ घेऊन निश्चल पडतो. दुर्बळ हृदयाच्या रोग्यास उताणे निजवत नाही. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली कंपवाताचे जे सुप्रसिद्ध वर्णन केले, त्यातील सहांपैकी दोघे रोगी त्यास रस्त्यात सहज भेटलेले होते आणि एकास त्याने केवळ दुरून पाहिले होते; पुढे झुकलेले अंग आणि आखूड, घाईची पावले यांसारख्या खुणांतून त्याने रोगाचे स्वरूप हेरले.

अशी परीक्षा पडद्याआड, रोग्याची अनुमती घेऊन आणि आवश्यक तेवढेच अंग उघडे करून व्हावयास हवी. रोग्यानेही नखांवरील रंग आणि चेहऱ्यावरील पावडर त्या दिवसापुरती टाळावी, कारण नखांची निळसर छटा त्या रंगाखाली दिसतच नाही.