सलाईन लावलं म्हणजे ताकद आली?

“डॉक्टर, एक बाटली लावूनच टाका, अंगात त्राणच राहिलं नाही.” तालुक्याच्या दवाखान्यांत हे वाक्य नेहमी ऐकू येतं. बाटली लागली की पेशंटला आणि नातेवाइकांना खरे उपचार झाल्यासारखे वाटतात. नुसत्या गोळ्या लिहून देणारा डॉक्टर मात्र कच्चा ठरतो.

त्या बाटलीत असतं काय? साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरमध्ये निर्जंतुक पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ. त्यातून एकही कॅलरी मिळत नाही. ज्याला आपण ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणतो, त्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरमध्ये २५ ग्रॅम साखर असते. एका केळ्यातून मिळते जवळपास तेवढीच ऊर्जा. जीवनसत्त्वांचं इंजेक्शन टाकलं की पाणी पिवळं होतं आणि बाटलीचा भाव वाढतो, पण कमतरता नसलेल्या माणसाला त्याचा विशेष उपयोग नाही.

मग बरं का वाटतं? अंगातलं पाणी खरंच कमी झालं असेल तर ते भरून निघतं म्हणून. नसेल, तर पडून राहिल्याने मिळालेली विश्रांती आणि ‘काहीतरी केलं’ याचं समाधान. रक्तक्षय, थायरॉईड, मधुमेह किंवा क्षयरोगामुळे आलेला थकवा मात्र तसाच राहतो. मला सर्वांत जास्त काळजी याचीच वाटते. दोन दिवस बरं वाटतं आणि रक्ततपासणी महिनोन्‌महिने लांबते.

सगळ्या बाटल्या सारख्याच, हाही असाच एक समज. जुलाबांतून नुसतं पाणी जात नाही. सोडियम, पोटॅशियम आणि बायकार्बोनेटही जातं. रिंगर लॅक्टेट, म्हणजे दवाखान्यातल्या भाषेत ‘आरएल’, यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, क्लोराईड आणि लॅक्टेट असतं. लॅक्टेटपासून यकृत बायकार्बोनेट तयार करतं. म्हणूनच पटकीच्या गंभीर रुग्णाला आरएल देण्यावर भर असतो. डेक्स्ट्रोजमधली साखर शरीराने वापरली की उरतं ते साधं पाणी, आणि ते रक्तवाहिन्यांत फारसं टिकत नाही. जुलाबांनी कोरड्या पडलेल्या माणसाला फक्त तेच चढवलं तर सोडियम आणखी खाली जाऊ शकतं.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज म्हणजे शिरेतून दिलेलं ते खरं औषध आणि तोंडाने दिलेलं ते घरगुती. शिरेतून मिठाचं पाणी देण्याची सुरुवात पटकीपासूनच झाली. १८३२ मध्ये स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लाट्टा या डॉक्टरने मरणाच्या दारातल्या रुग्णांवर तो प्रयोग केला. पुढे या उपचाराने असंख्य जीव वाचवले. पण १९७१ च्या बांगलादेश युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, छावण्यांत पटकी पसरली आणि बनगावच्या रुग्णालयात सलाईनचा साठा संपत आला. तिथे डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून पिंपं भरली. नातेवाइकांनी भांड्यात घेऊन रुग्णांना पाजायचं, एवढीच पद्धत. सुमारे ३० टक्क्यांपर्यंत गेलेला मृत्युदर चार टक्क्यांच्या खाली आला. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

यामागचं शास्त्र सुंदर आहे. जुलाब चालू असतानाही आतड्यातला एक मार्ग शाबूत राहतो. ग्लुकोज आणि सोडियम त्यातून जोडीने रक्तात जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जातं. नुसतं पाणी किंवा अतिगोड सरबत हे काम नीट करत नाही. अशाच मिश्रणाच्या, म्हणजे ओआरएसच्या, पाकिटावर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण पाकीट एका लिटरमध्येच घालायचं. ‘कडक’ केलेलं ओआरएस अपाय करतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. मूल ओकलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावं. त्यासाठी लगेच सुई टोचायची गरज नाही.

‘सलाईनने नुकसान तर होत नाही ना?’ होतं. हृदय किंवा मूत्रपिंड कमकुवत असलेल्या माणसाच्या फुप्फुसात जादा पाणी साठून दम लागतो. डेंग्यूत काही दिवस रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो. तेव्हा कमी दिलं तरी धोका आणि जास्त दिलं तरी धोका, म्हणून डॉक्टर तासातासाला हिशेब करतात. सलाईनने प्लेटलेट वाढतात, हे तर अजिबात खरं नाही. नळीतल्या एखाद्या बारीक बुडबुड्याने जीव जात नाही, आणि बाटली संपल्यावर नळीत थोडं रक्त दिसलं तरी घाबरू नये. नर्सला हाक मारावी.

शिरेतून द्रव देणं अत्यावश्यक ठरतं ते वेगळ्या वेळी. पेशंट सुस्त किंवा बेशुद्ध आहे, त्याला पिता येत नाही, उलट्या थांबतच नाहीत, हातपाय गार पडलेत, नाडी क्षीण आहे, डोळे खोल गेलेत, पोटाच्या कातडीला काढलेला चिमटा दोन सेकंदांनंतरही तसाच राहतो. अशा वेळी घरी वाट पाहू नये. तीव्र अवस्थेत मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे १०० मिलिलिटर द्रव तीन तासांत द्यावा लागतो, त्यातला ३० मिलिलिटर पहिल्या अर्ध्या तासातच. पन्नास किलोच्या माणसाला हे पाच लिटर होतात. रुग्णालयात नेताना तो गिळू शकत असेल तर वाटेतही ओआरएसचे घोट चालू ठेवावेत.