‘हे कोणासाठी?’ असं विचारणारी नोकरी

मुलगा किंवा मुलगी आयटीत आहे म्हटलं, की पुण्या-मुंबईच्या घरांत पुढचं फारसं कोणी विचारत नाही. कोडिंग, टेस्टिंग, सपोर्ट हे शब्द आता आजी-आजोबांच्याही कानांवरून गेलेले असतात. पण ‘मी प्रॉडक्ट मॅनेजर झाले’ असं सांगितलं, की प्रश्न येतोच : म्हणजे करतेस काय गं नेमकं? कोड लिहीत नाहीस, डिझाइन काढत नाहीस, विक्रीला जात नाहीस, मग पगार कशाचा? प्रश्न रास्त आहे. आज कित्येक तरुण इंजिनिअरांना याच कामाची ओढ लागली आहे, म्हणून त्याचं उत्तरही नीट समजून घ्यायला हवं.

त्यासाठी चौकातल्या वडापावच्या गाडीपाशी उभं राहू. एप्रिल 2016 मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं यूपीआय आणलं आणि पैसे क्षणात या खात्यातून त्या खात्यात जाऊ लागले. तंत्र चोख होतं, पण गाडीवाल्याची अडचण वेगळीच होती. हात बेसनानं भरलेले, समोर पाच गिऱ्हाइकं, त्यातला एक जण मोबाइल पुढे करून ‘गेले बघा पैसे’ म्हणतो. खरंच आले का हे बघायचं तर हात पुसा, फोन काढा, एसएमएसची वाट बघा. तोवर कढईतले वडे करपायला लागतात. एखादा बहाद्दर जुना स्क्रीनशॉट दाखवून चालता होतो तो वेगळाच.

यावर तोडगा निघाला साउंडबॉक्सचा. स्वतःचं सिमकार्ड असलेली ती छोटी पेटी पैसे जमा झाले की रक्कम मोठ्यानं सांगते, तेही मराठीत. स्पीकर, सिम, बॅटरी यांतलं काहीच नवं नव्हतं. कसब होतं ते अडचण ओळखण्यात आणि त्यानंतरच्या बारीकसारीक निर्णयांत. रहदारीच्या गोंगाटात आवाज किती मोठा हवा? गाडीवर वीज नसते, मग एकदा चार्ज केलेली बॅटरी किती वेळ टिकायला हवी? रेंज गेली तर काय? महिन्याला किती भाडं या माणसाला परवडेल? असे प्रश्न वेळेवर काढायचे, वापरणाऱ्याकडे जाऊन त्यांची उत्तरं मिळवायची आणि इंजिनिअर, डिझायनर, विक्री विभाग, वकील या सगळ्यांना एका निर्णयावर आणायचं, हे प्रॉडक्ट मॅनेजरचं काम. यातलं कोणीही त्याच्या हाताखाली नसतं. हुकूम सोडता येत नाही, पटवूनच द्यावं लागतं.

साबणातून निघालेली वाट

या कामाचं मूळ संगणकात नाही, साबणात आहे. अमेरिकेतल्या प्रॉक्टर अँड गॅम्बल कंपनीत नील मॅकेलरॉय हा तरुण ‘कॅमे’ साबणाच्या जाहिराती बघत असे. त्याच कंपनीच्या ‘आयव्हरी’ साबणापुढे कॅमेकडे कोणाचं लक्ष नाही, हे त्याला खुपत होतं. मे 1931 मध्ये त्यानं वरिष्ठांना एक टिपण पाठवलं. प्रत्येक ब्रँडला त्याची स्वतंत्र जबाबदारी घेणारी माणसं हवीत. कुठे माल खपतो, कुठे अडतो हे त्यांनी भागाभागात जाऊन, दुकानदारांशी बोलून तपासावं, असा त्याचा आग्रह होता. कंपनीनं तो मानला. मॅकेलरॉय पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष आणि नंतर अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. सॉफ्टवेअर कंपन्यांनी हीच कल्पना आपल्या कामाला बेतून घेतली.

मुलाखतीतलं जीमेल

या वाटेवरचं आपल्या ओळखीचं नाव म्हणजे सुंदर पिचाई. चेन्नईत वाढलेला हा मुलगा आयआयटी खरगपूरला धातुशास्त्र शिकला, मग स्टॅनफर्डला गेला. त्याच्या तंत्रज्ञानाच्या आवडीचं मूळ त्यानं स्वतःच सांगितलं आहे. काही वर्षं नंबर लावून थांबल्यावर घरी फोन आला. त्याआधी आईच्या रक्ततपासणीचा अहवाल आणायला दवाखान्यात खेप घालायची आणि ‘तयार नाही, उद्या या’ हे ऐकून परतायचं. फोन आल्यावर तेच काम घरबसल्या झालं. यंत्र कसं चालतं याआधी ते माणसाची कुठली खेप वाचवतं, हे त्याच्या मनावर ठसलं.

1 एप्रिल 2004 ला तो गूगलमध्ये मुलाखतीला गेला. त्याच दिवशी जीमेल जाहीर झालं होतं. पहिल्या मुलाखती घेणाऱ्यांनी विचारलं, जीमेल कसं वाटतं? त्याला तो एप्रिल फूलचा प्रकार वाटला होता, आणि वापरलेलं नसल्यामुळे नीट उत्तर देता येईना. पुढच्यानं ‘तू ते पाहिलंस का?’ म्हणून विचारलं आणि दाखवलंच. त्यानंतरच्या मुलाखतीत मग तो त्यावर बोलू शकला. या धंद्याचा पहिला धडा त्या दिवसात आहे : जे वापरलेलं नाही, त्यावर मत देऊ नये.

त्याला काम मिळालं टूलबारचं, म्हणजे दुसऱ्यांच्या ब्राउझरमध्ये बसणाऱ्या गूगलच्या एका पट्टीचं. काम वरवर किरकोळ होतं. पण लोक गूगलपर्यंत पोचतात ते दुसऱ्याच्या दारातून, हे तिथे रोज दिसत होतं. त्यातून स्वतःच्या ब्राउझरचा आग्रह आला. प्रमुख एरिक श्मिट बरीच वर्षं त्याच्या विरोधात होते. अखेर सप्टेंबर 2008 मध्ये क्रोम आलं. पत्ता आणि शोध एकाच चौकटीत, आणि एक टॅब कोलमडला तरी बाकीचे शाबूत. 2015 मध्ये पिचाई गूगलचे प्रमुख झाले.

आपल्या मुलांसाठी

या क्षेत्राला ठरावीक पदवी नाही. गूगलनं 2002 मध्ये मरिसा मेयर यांच्या पुढाकारानं नवख्यांना थेट या कामात घेण्याची योजना सुरू केली, पण बहुतेक जण आडवाटेनंच येतात : कोणी प्रोग्रामर, कोणी टेस्टर, कोणी ग्राहकांचे फोन घेणारा. तंत्र कळायला हवंच. नाहीतर कुठलं काम दोन दिवसांचं आणि कुठलं दोन महिन्यांचं, याचा अंदाज येत नाही आणि इंजिनिअर विश्वास ठेवत नाहीत.

आपल्याकडची खरी अडचण वेगळी आहे. पुण्यातल्या पुष्कळ कंपन्या परदेशी ग्राहकांसाठी काम करतात. काय बनवायचं हे तिकडून ठरून येतं, इथे ते कसं बनवायचं एवढंच बघितलं जातं. वर्षानुवर्षं असं काम केलं, की ‘हे कोणासाठी?’ असं विचारायची सवयच राहत नाही. ती पुन्हा लावून घ्यावी लागते. रोज वापरता ते एखादं ॲप घ्या. ते वापरणाऱ्या चार-पाच जणांना, मध्ये न बोलता, त्यावर काम करताना बघा. कुठे अडतात ते टिपा. मग एका पानात लिहा : अडचण कोणाची, कोणती, काय बदलायचं, आणि काय मुद्दाम करायचं नाही. शेवटचा मुद्दा सगळ्यांत कठीण, आणि मुलाखतीत कस लागतो तो तिथेच.

एआयमुळे आता नमुना काही तासांत उभा राहतो. बनवणं सोपं झालं, की काय बनवावं हे ठरवण्याची किंमत वाढते. आणि इथे आपली मुलं मागे नाहीत. बाजार समितीतला लिलाव, पतसंस्थेतली रांग, एसटीच्या खिडकीवरची घासाघीस, दवाखान्यातल्या खेपा हे सगळं त्यांनी जवळून पाहिलेलं आहे. इंग्रजी सफाईदार नाही म्हणून या वाटेला न जाणाऱ्यांना मला एवढंच सांगायचं आहे : सफाई कामावर असताना येते, लोकांच्या अडचणींची ही जाण तुमच्याकडे आधीच आहे, तिच्या जोरावर अर्ज करा.