डेलावेअरचे वार्तापत्र : निकाल न्यायालयाचा, शेवटचा शब्द विधिमंडळाचा

विल्मिंग्टन : अमेरिकेत कंपनी कायदा राज्यांचा असतो आणि नोंदणीसाठी राज्य कंपनीच निवडते. चिमुकल्या डेलावेअरने त्यावरच तिजोरी भरली. फॉर्च्यून ५०० पैकी दोन तृतीयांशाहून अधिक कंपन्या इथल्या. इथल्या चॅन्सरी न्यायालयात ज्यूरी नसते, आणि भागधारकांचे बरेचसे हक्क कलमांपेक्षा न्यायाधीशांच्या निकालपत्रांतच सापडतात. माझ्या मते त्यांचा कच्चा दुवाही तिथेच आहे. १९८५ मध्ये ‘ट्रान्स युनियन’ दोन तासांच्या बैठकीत विकायला काढणाऱ्या संचालकांना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने व्यक्तिशः जबाबदार धरले. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने अशा निष्काळजीपणाची भरपाई माफ करण्याची मुभा कंपन्यांना दिली.

टेस्लाच्या बाबतीत तेच घडले, फक्त आकडे डोळे दिपवणारे. जानेवारी २०२४ मध्ये चॅन्सरीच्या मुख्य न्यायाधीश (चॅन्सेलर) कॅथलीन मॅकॉर्मिक यांनी इलॉन मस्क यांचा २०१८ चा सुमारे ५६ अब्ज डॉलरचा मोबदला रद्द केला. दावा होता अवघे नऊ शेअर बाळगणाऱ्या भागधारकाचा. भागधारकांनी तर बहुमताने मंजुरी दिली होती, मग न्यायालयाने नाक का खुपसावे? आक्षेप वजनदार आहे. पण मोबदला ठरवणाऱ्या संचालकांचे मस्क यांच्याशी असलेले लागेबांधे मतदारांपासून दडवले गेले, असा न्यायालयाचा निष्कर्ष होता. अंधारात ठेवून घेतलेल्या मताला संमती कसे म्हणायचे? नऊ शेअरवाला उपटसुंभ, असेही म्हटले गेले. मात्र कंपनीच्या वतीने केलेल्या अशा दाव्यातली भरपाई कंपनीलाच मिळते, त्याला नव्हे.

टेस्ला टेक्सासला गेली. इतरही जातील, या धास्तीने डेलावेअरने मार्च २०२५ मध्ये कायदाच बदलला : एक तृतीयांशाहून कमी मताधिकार असलेला भागधारक आता ‘नियंत्रक’ ठरत नाही. मस्क यांच्याकडे २०१८ मध्ये सुमारे २२ टक्के होते, तरी न्यायालयाने त्यांना नियंत्रक धरूनच मोबदल्याची कडक छाननी केली होती! प्रलंबित खटल्यांना हा बदल लागू नव्हता. तरी डिसेंबर २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने, मोबदला पूर्ण रद्द करणे हा उपायच चुकीचा ठरवून, तो मस्क यांना परत दिला. नाममात्र भरपाई एक डॉलर.

कंपन्या पळाल्या तर राज्य बुडेल, म्हणून भागधारकांच्या हक्कांना मुरड घालणे भाग होते, हा बचाव राज्याच्या हिशेबाने खरा आहे. भागधारकाच्या हिशेबाने नाही. टेक्सासच्या २०२५ च्या कायद्याने कंपनीला भागधारकाच्या अशा दाव्यासाठी तीन टक्के मालकीची अट घालता येते, आणि टेस्लाने ती लगेच घातली. अमेरिकी शेअर घेणाऱ्या मराठी गुंतवणूकदारांनी ताळेबंदाबरोबर कंपनीचे नोंदणीचे राज्यही तपासावे.